शेफील्डचा समुद्र

शेफील्डच का, असं विचारल्यावर त्या सकाळी प्रत्येक मुलाने एकच वाक्य म्हणून दाखवलं होतं. तिथलं शिक्षण जागतिक दर्जाचं आहे. तेच शब्द, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. ऐकता ऐकता शोभाला ते वाक्य पाठ झालं होतं.

नवरा निमिष ऑफिसला गेला, की शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या घराच्या वरच्या खोलीत ती लॅपटॉप उघडून बसायची. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांसाठी एक कंपनी भारतातल्या अर्जदारांच्या व्हिडिओ मुलाखती घेत असे. मुलं खरंच शिकायला निघाली आहेत, की एजंटने पढवून बसवली आहेत, हे शोभाने ओळखायचं. कुणी बाजूला बसून उत्तरं पुरवताना आढळलं तर सरळ नापास.

काम सुरू केलं तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याकडच्या मुलांना मदत होईल. आता तिला सगळ्यांचीच किळस यायची. घोकलेलं ओकणाऱ्या मुलांची, कॅमेऱ्याच्या आड पुटपुटणाऱ्या एजंटांची, आणि शहराच्या चकचकीत फोटोंवर मुलं गोळा करणाऱ्या विद्यापीठांचीही.

मग आश्लेषा समोर आली. नागपूरची, बी.एस्सी. झालेली, बावीस-तेवीस वर्षांची. पाठ ताठ, हात मांडीखाली दाबलेले.

शोभाने नेहमीप्रमाणे इंग्रजीत सुरुवात केली. कोणता कोर्स घेतला आहेस? अर्जात डेटा सायन्स लिहिलं होतं. आश्लेषा म्हणाली, हॉटेल मॅनेजमेंट.

लगेच बाजूने एक पुरुषी कुजबुज ऐकू आली. "डेटा सायन्स. डेटा सायन्स सांग."

आश्लेषाने ऐकूनही उत्तर बदललं नाही.

शोभा जराशी पुढे सरकली. शेफील्डबद्दल काय माहीत आहे, तिने विचारलं. आश्लेषा म्हणाली, सुंदर शहर आहे, समुद्रकिनारी. तिथे समुद्र नाही, म्हणत बाजूचा आवाज चिडून पोलादाच्या कारखान्यांबद्दल काहीतरी सांगू लागला. स्क्रीनच्या कडेला एक हात दिसला. जाड बोटं, त्यांत रुतलेल्या अंगठ्या, हातात चहाचा कप. मग भुरका मारल्याचा आवाज. असल्या एजंटांना ती आवाजावरून ओळखायची.

राहणार कुठे, हा पुढचा प्रश्न होता. अर्जात नातेवाइकांकडे असं लिहिलेलं होतं.

"हॉस्टेल," आश्लेषा म्हणाली. आवाज सांगत राहिला, पण तिने पुन्हा तेच म्हटलं. "ओन्ली हॉस्टेल."

शोभाला हसू आलं. त्या वयात नातेवाइकांकडे राहायला कुणाला आवडतं?

नियमाने ही मुलगी कधीच नापास झाली होती. पण शोभा तिच्याकडे बघत राहिली. सकाळपासूनच्या सगळ्या मुलांनी कानात पडलेलं उत्तर निमूट उचललं होतं. ही एकटी चुकत होती, पण स्वतःचं चुकत होती. उसनं उत्तर घ्यायचं नाही, एवढा ताठ कणा असलेलं कुणीतरी कितीतरी महिन्यांनी समोर आलं होतं. हिला नापास केलं तर ही त्या अंगठ्यांवाल्याच्या तावडीतच राहणार. पुन्हा अर्ज, पुन्हा ती कुजबुज. ते चित्र शोभाला सहन होईना.

तिने रेकॉर्डिंग थांबवलं आणि आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. ती मराठीत बोलली.

"आश्लेषा, घाबरू नकोस. मी तुला पास करतेय."

आश्लेषाचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, माझी उत्तरं चुकली."

"माहीत आहे मला."

"सगळी चुकली, मॅडम. तुम्ही नीट बघा ना."

एवढा प्रामाणिकपणा. शोभाला भरून आलं. "तू निघ तिथून," ती हळूच म्हणाली. "बाकी सगळं तिकडे गेल्यावर जमेल."

तिने निकालात 'पात्र' निवडलं आणि पाठवून दिलं. आश्लेषाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आज पहिल्यांदाच शोभाला आपल्या कामाची घाण वाटली नाही. ती निरोप घेणार, तेवढ्यात तो अंगठ्यांचा हात लॅपटॉप मिटायला पुढे आला.

आवाज आता कुजबुजत नव्हता. "मुद्दाम चुकलीस ना? तरी घेतलं तुला. मी परवा शेफील्डला परत जातो आणि तुझी खोली तयार ठेवतो. काकू मला सोडून गेली, हे मात्र तुझ्या बाबांना सांगायचं नाही."