तिजोरी

“आणि शपथ घातली असेल तर?” तिजोरीने हात वर न करताच विचारलं.

वर्ग खदखदून हसला. हा प्रश्न तिजोरीच विचारणार! कुणाचं कुणाशी जुळलं, कुणी कुणाची उत्तरं उतरवली, सारं तिच्या पोटात जाऊन बसायचं. वसतिगृहाच्या बाईंनी एकदा खोदून खोदून विचारलं, तरी ही हूं की चूं करायला तयार नाही. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं, आणि ती ते दागिन्यासारखं मिरवायची.

शिबिर होतं जीव द्यायला निघालेल्याला कसं अडवावं याचं. फळ्यापाशी उभ्या असलेल्या समुपदेशक ताई हसल्या नाहीत.

“बाकीची गुपितं खुशाल सांभाळा. कुणी मरायचं बोललं, तर ते एकटीने सांभाळायचं नाही. लगेच मोठ्या माणसाला सांगायचं.”

“म्हणजे चुगली करायची?”

“हो. बेधडक.”

बाकाखाली भिंगरीची नखं तिजोरीच्या मनगटात रुतली. भिंगरी तिची शाळेपासूनची मैत्रीण. एका जागी कधी पाय न ठरणारी ही पोर हल्ली तासन् तास खिडकीशी गप्प बसायची. काल जिन्यात ती म्हणाली होती, “मला आता जगायचंच नाही. ठरलंय माझं. कुणाला सांगशील तर माझी शपथ आहे.” तिजोरीने सवयीने मान हलवली. तेव्हापासून ती मान तिला पेलवत नव्हती.

शिबिर संपलं. खुर्च्या सरकल्या, मुली चहाकडे पळाल्या.

“भिंगरे, चल.”

“कुठे?”

“ताईंकडे.”

“शपथ घातलीय मी!”

“मोडली.”

“वेडी आहेस का? उद्यापासून एक मुलगी तुला काही सांगायची नाही.”

“नको सांगू देत.”

भिंगरीने हिसडा दिला. तिजोरीने तिचा हात घट्ट धरला आणि तिला जवळजवळ ओढतच फळ्यापर्यंत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाचं तरी गुपित फोडत होती. जीभ अडखळली, पण थांबली नाही.

“ताई, हिला मरायचंय. ठरवलंय म्हणते. हिला एकटीला सोडू नका. मी तर सोडणारच नाही.”

ताईंनी हातातला खडू खाली ठेवला, दार लोटून घेतलं आणि तीन खुर्च्या जवळ ओढल्या. “बरं केलंत आलात. बस बाळा. मला कुठेही जायची घाई नाही.”

भिंगरी बसली. मग ओठ चावून, रडत, फुटल्यासारखी ओरडली, “गद्दार! पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही मी. केस पांढरे झाले तरी नाही!”

तिजोरीचे गाल भिजून गेले होते. डोळे पुसायलाही तिने तो हात सोडला नाही.

“नको बोलूस,” ती म्हणाली. “पण केस पांढरे झालेच पाहिजेत, सांगून ठेवते.”