सात नंबरचा वाफा

चारा संशोधन केंद्राचं कुंपण वाकवून दुर्गाबाईंनी सात नंबरच्या वाफ्यातलं गवत मुळासकट उपटलं होतं. चौकीदार डोमाजींनी त्यांना भाऱ्यासकट मॅडमसमोर आणलं.

“चाराच पायजे होता, तर वरून कापायचा. ठोंबं काहून उपटले?” डोमाजी कडाडले.

“म्हशीले एकदा चारलं. आता दुसऱ्या वैरणीले तोंड नाही लावत. म्हणून वावरात लावाले नेऊन राहिली.”

“तक्रार लिहू काय, मॅडम?”

हा वाण तयार करण्यात प्रियदर्शनी मॅडमची अकरा वर्षं गेली होती. मागच्या वर्षी फुकट वाटायला काढलेली ठोंबं कोणीच नेली नाहीत; ती ऑफिसच्या व्हरांड्यातच वाळली.

मॅडम उठल्या. भाऱ्याला हात घालत म्हणाल्या, “डोमाजी, तिकडून तुम्ही धरा. बाईंच्या डोक्यावर द्यायचाय.”