पोटात गेला तरी चालेल असा रंग

"शी! हे काय आहे?" बालवाड्यांच्या तपासनीस रावया मॅडमनी रुमाल नाकाला लावला.

बालवाडीच्या दारातच जुन्या बनियनांचा ढीग पडला होता. प्रत्येकाला सुतळीने गच्च गाठी मारलेल्या.

"पोरांच्या वडिलांचे आहेत, मॅडम," तिथल्या बाई, अब्ला नजात, म्हणाल्या. "रंगात बुडवून सुतळी सोडली की फुलं उमटतात. गाठी पोरांनीच मारल्यात."

"धुतलेले आहेत ना?"

"आयांना सांगितलं होतं."

"माझ्या बाबांचा नाही धुतला!" शुरूक नावाची चिमुरडी ऐटीत म्हणाली. "ते मायक्रोबस चालवतात. काल रात्री अंगातून काढला आणि दिला. वास घ्या!"

मॅडमनी रुमाल आणखी घट्ट दाबला. "आधी उचला हे माझ्या नजरेसमोरून! आणि नीट झाकून ठेवा!"

कामवाल्या उम्म बसियूनीने ढीग कवटाळला. "पण मॅडम, झाकून म्हणजे..."

तोंडाला लसणाचा भपकारा. मॅडम मागे सरल्या. "तू तोंड उघडू नकोस, बाई. रंगापाशी बोललं की थुंकी उडते. मी सांगेपर्यंत एक शब्द नको."

उम्म बसियूनी ओठ मिटून आत गेली.

किळस हा मॅडमचा जुनाच स्वभाव, पण आजची धास्ती वेगळी होती. गेल्या वर्षी बालदिनाला त्यांनी बाजारातली रंगाची पूड नुसती डबा बघून मंजूर केली होती. पोरांच्या हातांना फोड आले, एकाची जीभ सुजली. लहान पोरं रंगाची बोटं चोखतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आया कचेरीत घुसून मॅडमच्या अंगावर धावून गेल्या होत्या. यंदा एकाही पोराला काही झालं तर नोकरी गेली, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. सगळ्या बालवाड्यांसाठी रंग त्यांनाच निवडायचा होता, आणि तो पोटात गेला तरी चालेल असाच हवा होता.

अंगणातल्या टेबलावर अब्ला नजातनी सगळं मांडून ठेवलं होतं. कांद्याच्या सालींचं पोतं कोशरीच्या, म्हणजे तळलेला कांदा घातलेल्या डाळभाताच्या, दुकानातून आलेलं. त्यातून एक झुरळ निघालं आणि टेबलभर फिरलं.

"हे नको. हे लाल दाणे कसले?"

"वाळवलेले किडे, मॅडम. कुटले की असा सुंदर गुलाबी..."

मॅडमनी न लावलेला हातसुद्धा पुसून घेतला. हळदीच्या वाडग्यात एक शेंबडं पोर बोट फिरवत होतं. ते बोट आधी कुठे होतं हे मॅडमनी पाहिलं होतं. त्यांनी मानेनेच तेही नको म्हटलं.

"मग राहिला करकदे," अब्ला नजात म्हणाल्या. "आपण लग्नात पितो तोच. त्या लाल फुलांचा काढा. आणि बसा ना, थंडगार ठेवलाय तुमच्यासाठी."

पण तेवढ्यात त्या शेंबड्या पोराने थंड करकदेच्या जगालाच तोंड लावलं.

"मला तहान नाही," मॅडम म्हणाल्या. घशाला कोरड पडली होती. त्या तरातरा स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे स्टीलचं लख्ख पिंप होतं, खाली तोटी, वर घट्ट झाकण.

"ह्यात काय?"

"रंगाचाच करकदे. सकाळी उकळलाय. थोडं मीठ, थोडं व्हिनेगर."

"पोरांनी हात घातला?"

"छे! पोरांना इथे येऊच देत नाही."

मॅडमनी पर्समधून स्वतःचा पेला काढला. बाहेरच्या पेल्याला त्या ओठ लावत नसत.

"मॅडम, तो प्यायचा नाहीये."

"पोरं चाखणारच आहेत ना? मग आधी मी. गेल्या वर्षी चाखला असता तर ही वेळ आली नसती."

कोपऱ्यात उम्म बसियूनी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. निदान हिला सांगितलेलं कळतं, असं वाटून मॅडमना बरं वाटलं.

त्यांनी तोटी सोडली. कोमट, आंबट, जरा जास्तच खारट. पेला संपवून त्या थांबल्या. जीभ चुरचुरली नाही, घसा जळला नाही. मग त्यांनी दुसरा भरला आणि तोही सावकाश संपवला.

"चव भरीव आहे," त्या म्हणाल्या. "नुसत्या फुलांची वाटत नाही. आणि मुख्य म्हणजे स्वच्छ. इथे आल्यापासून ही पहिली स्वच्छ वस्तू बघतेय. ठरलं, सगळ्या बालवाड्यांत हाच रंग."

वर्षभराचं ओझं उतरलं होतं. अब्ला नजातचा चेहराही फुलला. पोरं दाराशी गोळा झाली.

"चला, बनियन कुठे आहेत?" मॅडम हसून म्हणाल्या. "तूही बोल आता, बाई. काय म्हणत होतीस मघाशी?"

उम्म बसियूनी पिंपापाशी गेली. तिने झाकण काढलं, बाही वर सारली, कोपरापर्यंत हात पिंपात घातला आणि लालभडक, निथळती गाठोडी वर काढली.

"माझ्या बाबांचा!" शुरूकने टाळ्या पिटल्या.