सपातांचा दुसरा जोड

नवरा वारल्यापासून घरात तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अंधारात शेजारी कुणीतरी कूस बदलायचं. म्हणून तिने शहराच्या मध्यवर्ती चौकातल्या जुन्या, आलिशान हॉटेलात तीन रात्रींसाठी खोली घेतली. तिथे त्याचं पाऊल कधीच पडलं नव्हतं. दोन रात्री ती गाढ झोपली. तिसऱ्या संध्याकाळी खोली आवरायला आलेल्या मावशींनी पलंगाच्या दोन्ही बाजूंना सपाता मांडल्या. “तो दुसरा जोड उचला, मावशी. कालही ठेवलात. मी एकटीच आहे.” मावशी गालात हसल्या. “माझ्यापासून काय लपवता, ताई? सकाळी ज्या बाजूची चादर चुरगळलेली दिसते, संध्याकाळी त्या बाजूला सपाता ठेवायच्या, ही इथली जुनी रीत. साहेब लाजाळू दिसतात, परवा पार कडेला झोपले होते. काल मात्र सरकत तुमच्या उशीपर्यंत आले. आज दोन्ही जोड तुमच्याच बाजूला ठेवू का?”