दगडांची जागा

माझी बायको मंगला गेली आणि तिच्या काचेच्या टाकीत एकच एंजल मासा मागे उरला. सून म्हणाली, "बाबा, अजून चार आणा. एकटा बरा नाही दिसत." मी सुलतान बाजारातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो आणि त्याच्याशी जमेल असे मासे मागितले.

दुकानदार म्हणाला, "चाचा, पुराना मछली नयों को मारता. पहले अंदर के पत्थरां-झाडां इधर के उधर करो. अपनी जगा कौनसी थी, उनो भूल जाता. फिर चुप रहता."

 

मंगलाच्या तेराव्यानंतर मुलगा, सून आणि दोन्ही नाती माझ्या घरी राहायला आले, तेव्हा सुनेने पहिल्याच दिवशी माझा पलंग हॉलमध्ये हलवला होता.