पोरीसमोर बोलायची भाषा

डार्लीन खाली मान घालून कोळंबी सोलत होती आणि तिच्या डोक्यावरून तिची आई आझेली आणि मावशी ओव्हेलिया फ्रेंचमध्ये बोलत होत्या. लुइझियानाच्या त्या खाडीकाठी ती भाषा आता मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यापुरतीच उरली होती. शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल दोघी बहिणींनी छड्या खाल्ल्या होत्या. म्हणून मुलांना त्यांनी इंग्रजीच दिली, आणि मुलांच्या कानी पडू नये ते सगळं फ्रेंचमध्ये ठेवलं.

पोरगी कोळंबी सोलतेय की बटाटे, आझेली म्हणाली. अर्धी सालाबरोबरच चालली. ओव्हेलिया हसली. मग त्याच सुरात आझेलीने सांगितलं, की डॉक्टरांनी हात टेकलेत, आपलं हृदय कधीही दगा देईल.

"अगं, मग सांग ना तिला. उद्या ह्यूस्टनला चाललीये ती."

"सांगितलं तर नोकरी सोडून राहील. राहावी असं फार वाटतं गं, म्हणूनच तोंड उघडत नाही."

डार्लीन हात धुवायला आत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

ती गेली आणि तीनच दिवसांत, कपडे वाळत घालताना, आझेली कोसळली.

ओव्हेलियाने परत आलेल्या भाचीला दारातच जवळ घेऊन इंग्रजीत सांगितलं, की सगळं अचानक झालं, कुणाला कल्पनाच नव्हती. डार्लीनने मान हलवली.

शवपेटीपाशी जपमाळेची प्रार्थना फ्रेंचमध्येच व्हावी, असं आझेलीने बजावून ठेवलं होतं. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग ओव्हेलियाने म्हटला आणि ती अडली. दुसरा अर्धा नेहमी आझेली म्हणायची. जमलेली तरुण माणसं जमिनीकडे बघत राहिली.

तेवढ्यात मागून दुसरा अर्धा भाग आला. न अडखळता, थेट आझेलीच्या हेलात.

ओव्हेलिया वळली. डार्लीन होती. इतक्या वर्षांत या पोरीसमोर काय काय बोललो आपण!

"कधीपासून कळतं तुला?" तिने फ्रेंचमध्ये विचारलं.

"लहानपणापासून, मावशी. कळतं म्हटलं असतं, तर तुम्ही माझ्यासमोर बोलायचंच थांबवलं असतं."

"म्हणजे त्या दिवशी, कोळंबी सोलताना..."

डार्लीन शवपेटीवर वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा आईशी तिच्या भाषेत बोलली.

"आई, मला राहायचंच होतं. तू मला सांगशील, याची वाट बघत होते."