ताटाची डावी बाजू

वामनरावांनी आजही जवसाच्या चटणीला बोट लावलं नाही. चाळीस वर्षं जिच्यावाचून नवऱ्याचा घास उतरत नव्हता, तीच चटणी ताटात तशीच राहिलेली पाहून कुमुदला रडू फुटलं.

“तुमच्यावर राग नाही हो त्यांचा,” तिची तक्रार ऐकून डॉक्टर म्हणाले. “पक्षाघाताच्या झटक्यानं मेंदूची उजवी बाजू दुखावलीय. डोळे शाबूत आहेत, पण डावीकडचं काही त्यांच्या ध्यानातच येत नाही.”

दुसऱ्या दिवशी तिनं चटणी, लिंबू, कोशिंबीर, सगळं उजवीकडे वाढलं.

“वहिनी, असं उलटं ताट कुणी वाढतं का?” नणंद करवादली.

“मी वाढते,” म्हणत, लग्नापासून त्यांच्या डावीकडेच बसणाऱ्या कुमुदनं आपली खुर्चीही उजवीकडे ओढली.

वामनरावांनी चटणी चाखली. मग तिच्याकडे पाहतच राहिले.

“बरं झालं, आलीस. किती दिवस एकटाच जेवतोय मी!”